तीन सेंटिमीटर रबर

सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी असली की ते डोळ्यांच्या आधी पोटऱ्यांना कळायचं. चाक बघितलं तर नीट दिसायचं, अंगठ्याने दाबलं तरी फारसा फरक लागायचा नाही, पण थोडं अंतर गेलं की पाय सांगायचे, आज काहीतरी जड आहे. मग पंप लावून वीस-पंचवीस दट्टे मारायचे. तीच सायकल, तोच रस्ता, आणि आता कुणीतरी मागून हलक्या हाताने ढकलतंय असं वाटायचं. ‘रोलिंग रेझिस्टन्स’, म्हणजे चाकाच्या फिरण्याला होणारा विरोध, हा शब्द मी फार पुढे वाचला. पायांना तो तेव्हापासूनच ठाऊक होता.

पुढे पेट्रोलची गाडी आली आणि ही जाण हळूहळू गेली. पाय ठेवला की गाडी पळते. टायरमध्ये हवा किती आहे, रिम किती जड आहे, टपावर कॅरिअर आहे की नाही, याचा पायाशी काही संबंध उरत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो; बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. एवढी मोठी गळती असलेल्या घागरीला आणखी एक बारीक भोक पडलं तर कुणाच्या लक्षात येणार? मी कित्येक वर्षं टायरकडे पंक्चर झाल्याशिवाय पाहिलंच नाही.

मग एक छोटी विजेची गाडी घेतली, आणि तिच्या पडद्यावर एक आकडा दिसू लागला. दर किलोमीटरला किती वॅट-तास, म्हणजे किती वीज खर्च होते. माझा रोजचा आकडा १२० च्या आसपास असायचा. बॅटरीत वापरता येण्याजोगी वीज १८ किलोवॅट-तास. एकदा सहज हिशेब केला आणि थबकले. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे माझ्या अख्ख्या बॅटरीत दोन लिटर पेट्रोलएवढाच ऐवज! दोन लिटरवर ही गाडी चार माणसांना घेऊन १५० किलोमीटर जाते. त्या दिवसापासून त्या आकड्याबद्दल माझ्या मनात एक जिव्हाळा निर्माण झाला. वारा समोरून असला की तो चढायचा, पाऊस पडला की चढायचा, थंडीत चढायचा. हवा भरली की उतरायचा. सायकलवरच्या पोटऱ्या मला परत मिळाल्या होत्या, फक्त आता त्या काचेवर होत्या.

आणि तरीही मी त्या गाडीची चाकं बदलली.

कारण सांगते. गाडी समोरून गोड दिसायची, बाजूने नीटस दिसायची, पण मागून पाहिली की जीव कासावीस व्हायचा. अंग भरलेलं, खाली बॅटरीचं वजन, आणि पाय काडीसारखे. टायरच्या अंगावर लिहिलेलं होतं १६५/७० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, त्या रुंदीच्या ७० टक्के उंचीची बाजूची भिंत, आतून रेडियल बांधणी आणि १४ इंची रिम. पार्किंगमध्ये शेजारी कुठलीही साधी गाडी उभी राहिली की तिची चाकं कमानीत ठासून बसलेली दिसायची, आणि माझ्या गाडीच्या चाकांभोवती रिकामी जागाच जागा. सौंदर्याची ही ओढ मला कमी दर्जाची वाटत नाही. रोज जिच्यात बसायचं ती वस्तू उतरून वळून बघावीशी वाटली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यात आणखी एक कारण होतं. मोटरचा जोर पाय टेकवताक्षणी येतो, आणि ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटला की पुढची चाकं क्षणभर जागच्या जागी फिरायची. रुंद टायर घेतले तर पकड वाढेल, अशी माझी समजूत होती.

टायरचा बाहेरचा व्यास जुळला पाहिजे, हे मला माहीत होतं. मूळ टायरचा व्यास येतो ५८६.६ मिलिमीटर. मी निवडला तो १९५/५० आर १५, व्यास ५७६. पावणेदोन टक्क्यांहून किंचित जास्त फरक, म्हणजे चालण्यासारखा. भाराचा निर्देशांकही पाहिला: जुन्याचा ८१, म्हणजे एका टायरला ४६२ किलो, नव्याचा ८२, म्हणजे ४७५. हा आकडा पाहण्यावाचून गत्यंतर नाही. विजेची छोटी गाडी तिच्या पेट्रोलच्या जुळ्या बहिणीपेक्षा चांगलीच जड असते, आणि दिसायला देखणा पण भाराला कमी असा टायर तिच्याखाली घालणं म्हणजे जिवाशी खेळ. रिम घेतली साडेसहा इंच रुंदीची. मूळ होती पाच इंची.

चूक झाली ती ऑफसेटमध्ये. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसवतात त्या मधल्या भागाला, ज्या पातळीवर टेकतं ती पातळी आणि रिमचा मध्य, यांमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ रिमवर तो ३५ होता, मी आणलेल्या रिमवर ३०. पाच मिलिमीटर, काय फरक पडतो, असं वाटलं. पण रिमही दीड इंचाने रुंद झाली होती, म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर. ऑफसेट घटल्यामुळे चाक आणखी ५ मिलिमीटर बाहेर सरकलं. बेरीज केली तर बाहेरची कड २४ मिलिमीटर पुढे आली आणि आतली १४ मिलिमीटर सस्पेन्शनकडे गेली. हे गणित मी कागदावर केलं ते चाकं बसवून झाल्यावर.

चाकं बसवणाऱ्या काकांना मात्र ते गणित बोटांत होतं. त्यांनी गाडी जॅकवरून उतरवली, मागच्या चाकाच्या वर, कमानीच्या आतल्या कडेखाली बोट घातलं आणि ते मध्येच थांबले.

“ताई, इथं बोट घालून बघा.”

मी घातलं. शिरलं, पण कसंबसं.

“आता गाडी रिकामी आहे. मागे तीन माणसं बसवा, एखादा खड्डा येऊ दे, मग सांगा.”

त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, ज्या मी कुठे वाचल्या नव्हत्या. नव्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं. नुसत्या नटांवर चाक मध्यावर आणू नये, म्हणून त्यांनी हबवर एक पातळ कडं सरकवलं आणि मगच चाक चढवलं. ते कडं नसतं तर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं असतं आणि मी बॅलन्सिंगला दोष देत बसले असते. दुसरी गोष्ट नटांची. जुन्या नटांची बैठक गोलाकार, नव्या रिमला हवी होती निमुळती. दोन्ही नट फिरतात, दोन्ही घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण चुकीच्या बैठकीचा नट एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि सावकाश सैल होतो. काकांनी निमुळते नट लावले, टॉर्कच्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आणि एकाआड एक. “शंभर किलोमीटरच्या आत परत या. पुन्हा आवळायचे.” मी गेले. दोन नट खरंच थोडे फिरले.

पहिल्या दिवसाबद्दल मी खोटं बोलणार नाही. मला अतोनात आनंद झाला. बाजूची भिंत ११५ मिलिमीटरवरून ९७ वर आली होती, आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडी विचार न करता वळत होती. पूर्वी वळणावर आधी टायर झुकायचे, मग गाडी वळायची. आता त्या दोन गोष्टींमधली फट बुजली होती. एका लांब उतरत्या वळणावर मी मुद्दाम परत गेले, दोनदा. उतरून मागून पाहिलं. गाडी जमिनीवर पाय रोवून उभी होती.

त्याच दिवशी एक आवाजही ऐकू आला. पन्नासच्या पुढे एक जाड, सलग घरघर. पेट्रोलच्या गाडीत ती इंजिनाखाली दबून गेली असती. इथे दबायला काही नव्हतंच. विजेच्या गाडीची शांतता हा तिचा मोठा दागिना, आणि मी त्यावर घोंगडी टाकली होती.

मग आकडा बोलू लागला. पहिला आठवडा मी नव्या टायरचा नवेपणा म्हणून सोडून दिला. महिना झाला. तोच रस्ता, तेच हवामान, तीच माझी चालवण्याची सवय, आणि पडद्यावर १२० ऐवजी १२९. मला हे तसं सोसण्यासारखं वाटलं. पण एका रात्री झोप लागता लागता लक्षात आलं की हा आकडासुद्धा पूर्ण खरा नाही. चाकाचा व्यास घटला आहे. गाडी चाकाचे फेरे मोजते आणि त्यावरून किलोमीटर काढते. तिला कुणी सांगितलंच नाही की आता एका फेऱ्यात कमी अंतर जातं. म्हणजे ती १०० किलोमीटर म्हणते तेव्हा मी जेमतेम ९८ गेलेली असते. ते दुरुस्त केलं तर खरा आकडा १३१. दीडशे किलोमीटरची गाडी १३७ ची झाली होती. पेट्रोलच्या गाडीत हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

तेरा किलोमीटर गेले कुठे, हा प्रश्न मला सोडेना. एकदा लांबचा प्रवास संपवून उतरल्यावर टायरला हात लावला. कोमट. ऊन नव्हतं, ब्रेक फारसे लागले नव्हते. तेव्हा पहिल्यांदा मला ते नुसतं वाचलेलं न राहता कळलं. टायर जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो, आणि पुढे सरकला की परत गोल होतो. माझ्या टायरच्या प्रत्येक भागाच्या वाट्याला ही दबणूक ऐंशीच्या वेगाला सेकंदाला सुमारे १२ वेळा येते. रबर स्प्रिंगसारखं प्रामाणिक नसतं. दाबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी परत देत नाही. काही स्वतःजवळ ठेवतं आणि तापतं. माझ्या बॅटरीतली वीज तिथे, त्या कोमटपणात होती.

आकड्यांत मांडायचं तर असं. गाडी माझ्यासकट १२०० किलोची धरली आणि टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक, म्हणजे वजनाचा किती हिस्सा फिरण्याला आडवा येतो तो आकडा, ०.००८ असला तर रस्ता तिला सतत साधारण ९४ न्यूटन जोराने मागे ओढतो. एक किलोमीटर जायला त्यापोटी २६ वॅट-तास लागतात. गुणांक ०.०११ झाला की ओढ १३० न्यूटन आणि खर्च ३६ वॅट-तास. तिसऱ्या दशांश स्थानावरचे तीन! ज्या गाडीचा सगळा संसार १२० वॅट-तासांत चालतो, तिच्या घरात हे दहा म्हणजे फार झाले.

मग दोष रुंदीचा का? मी बरेच दिवस तसंच धरून चालले होते, आणि ते पूर्ण बरोबर नव्हतं. टायर जमिनीला किती जागेवर टेकतो हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात, वजन आणि हवेचा दाब. एका चाकावर ३०० किलो आणि आत अडीच बार हवा असेल, तर टेकणारी जागा सुमारे ११८ चौरस सेंटिमीटर. अकरा सेंटिमीटर बाजूचा चौकोन धरा. टायर १६५ चा असो की १९५ चा, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, आकार बदलतो. अरुंद टायरखाली ती जागा लांबट असते, रुंद टायरखाली आखूड आणि आडवी. आखूड जागेत टायर कमी चपटा होतो, म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर रुंद टायर उलट थोडा सोपा फिरू शकतो. माझ्या बाबतीत बाकी काहीच सारखं नव्हतं. मी घेतलेला टायर मऊ रबराचा, जोरात गाडी चालवणाऱ्यांसाठी केलेला. मूळ टायर वीज वाचवण्यासाठी निवडलेला. रुंदीचा स्वतःचा वाटा होता तो हवेत: पुढून दिसणारं रबर वाढलं, आणि चाकांभोवतीची घुसळण वाढली. आणि वजनात. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं ठेवून पाहिली, जुनं १२.९ किलो, नवं १६.४. चाकाच्या कडेचं वजन गाडीला दोनदा उचलावं लागतं, एकदा पुढे न्यायला आणि एकदा फिरवायला. विजेची गाडी वेग कमी करताना त्यातलं बरंच परत मिळवते, म्हणून आकड्यावर त्याचा फार बोजा पडत नाही. पण खड्ड्यावर ते साडेतीन किलो मणक्याला कळतात.

पकड आणि सोपं फिरणं यांचं भांडण जुनं आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. ओल्या डांबरावर रबर धरून राहतं ते त्याच्या ऊर्जा गिळण्याच्या सवयीमुळेच. डांबराच्या बारीक खडबडीत कणांवर ते दबतं, चिकटतं, सुटतं, आणि त्यात ऊर्जा जिरते. म्हणजे ज्या दुर्गुणामुळे माझे तेरा किलोमीटर गेले, त्याच दुर्गुणाच्या बळावर गाडी थांबते. रबर अगदी प्रामाणिक केलं तर गाडी दूर जाईल आणि थांबणार नाही. सुटका कुठे सापडली, तर वेगात. फिरताना टायर सेकंदाला दहा-बारा वेळा दबतो; डांबराच्या कणांवर घसरताना रबराचा पृष्ठभाग सेकंदाला हजारो, लाखो वेळा दबतो. पहिल्या तालाला ऊर्जा सोडून देईल आणि दुसऱ्या तालाला गिळेल असं मिश्रण करता आलं तर? रबरात मिसळतात त्या काजळीच्या जागी बराचसा सिलिका घालून ते साधलं, आणि मिशलाँ या फ्रेंच टायर कंपनीने १९९२ मध्ये असे टायर बाजारात आणले. युरोपात २०१२ पासून प्रत्येक टायरला एक पट्टी चिकटवावी लागते. तिच्यावर फिरण्यातली काटकसर, ओल्या रस्त्यावरची पकड आणि बाहेर ऐकू येणारा आवाज, हे तिन्ही छापलेलं असतं. माझ्या देखण्या टायरला काटकसरीत शेवटून पहिली प्रत होती. ती पट्टी मी न वाचता सोलून फेकली होती.

याच सुमारास मी छोट्या विजेच्या गाड्यांचे टायर बघत सुटले. बीएमडब्ल्यूची आय-थ्री, २०१३ ते २०२२ या काळात बनलेली. तिचा मूळ टायर १५५/७० आर १९. माझ्या गाडीहून पुष्कळ ताकदवान गाडी, आणि टायर माझ्या मूळ टायरहूनही दहा मिलिमीटर अरुंद! पण उंची सत्तर सेंटिमीटर. मोठा व्यास असला की टायर टेकताना कमी कोनात वाकतो, ऊर्जा कमी जाते. जमिनीला टेकणारी जागा लांबट होते, आणि वाऱ्याला रबर अरुंदच दिसतं. ब्रिजस्टोनने हा ‘उंच आणि अरुंद’ टायर त्या गाडीसाठीच घडवला होता. मित्सुबिशीच्या आय-मीव्हला पुढे १४५ चे आणि मागे १७५ चे टायर. मोटर मागे, वजन मागे, म्हणून मागची पकड आधी सुटता कामा नये; पुढची चाकं मुद्दाम थोडी दुबळी ठेवलेली, म्हणजे वळण चुकलं तर गाडी गर्रकन फिरण्याऐवजी नाक सरळ ठेवून बाहेर जाईल आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळ मिळेल. अशा गाडीच्या मालकाने चारही चाकं सारखी रुंद केली, तर तो एक सुरक्षेचा बेत मोडतो, आणि त्याला ते कळतही नाही. मी ते वाचलं तेव्हा मला आत कुठेतरी लागलं. आजवर अरुंद टायरकडे मी कंपनीने वाचवलेले पैसे म्हणून पाहत होते. तिथे कुणीतरी बसून, रात्री जागून, मिलिमीटर मिलिमीटर तोलून ठरवलं होतं.

आणखी मागे गेलं तर १८९९. एप्रिलच्या २९ तारखेला पॅरिसजवळ आशेर इथे कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसाने विजेवरची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर ओलांडण्याची ती पहिलीच खेप, आणि ती मिशलाँच्या हवेच्या टायरवर झाली. टॉर्पेडोसारखी लांबट गाडी, वर उघडा बसलेला माणूस, खाली बारीक चाकं. गाडीचं नाव ‘ला जामे कॉन्तान्त’, कधीच समाधान न होणारी. तिचं छायाचित्र मी बराच वेळ बघत बसले.

पावसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. एकदा मागच्या बाजूला खरंच तीन माणसं होती, एक उंचवटा आला, आणि मागच्या कमानीत खर्र असा आवाज झाला. उतरून पाहिलं तर टायरच्या खांद्यावर एक चमकती रेघ. काका कानांत घुमले. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सत्तरच्या वेगात होते, चाकांच्या वाटेवर पाणी साचलेलं होतं, आणि अर्ध्या क्षणासाठी स्टिअरिंग हातात पिसासारखं हलकं झालं. टायर पाण्यावर चढला होता. एकशे पंचाण्णवच्या टायरला एकशे पासष्टपेक्षा १८ टक्के जास्त रुंद पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारायला त्याच्याजवळची जागा आखूड. मी पाय सैल सोडला, काही वळवलं नाही, आणि रस्ता परत हाताला लागला. काही झालं नाही. पण ज्या पकडीसाठी हे सगळं केलं, ती मला सगळ्यात जास्त हवी होती तिथेच कमी पडली होती.

जुनी चाकं मी टाकली नव्हती. मला एकदाच, माझ्या डोळ्यांनी फरक पाहायचा होता. एक सरळ, सपाट, रिकामा रस्ता मला माहीत आहे. त्याच्या कडेला विजेचे खांब आहेत आणि पुढे एक मोरी. पहाटे, वारा नसताना, एका ठरावीक खांबापाशी बरोबर ३० च्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि सोडून दिली. मोटर ओढत नाही, रोखत नाही. फक्त चाकं, हवा आणि रस्ता. जुन्या अरुंद चाकांवर गाडी वाहत राहिली. आवाज नाही. एकामागून एक खांब मागे पडत गेले, इतके सावकाश की त्यांच्यावरचे क्रमांक वाचता आले, आणि अगदी मोरीच्या कठड्यापाशी ती थांबली. सुमारे ३८० मीटर. हवा तीच ठेवून रुंद चाकं चढवली आणि तेच केलं. ती मोरीच्या ऐंशी मीटर अलीकडे थांबली. मी मुद्दाम लगेच उतरले नाही. समोर काचेतून मोरीचा कठडा दिसत होता आणि गाडी तिथवर जात नव्हती. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी असायची तेव्हा घर जसं दिसायचं आणि यायचं नाही, तसं.

त्यानंतर मूळ चाकांवर परतणं सरळ होतं, आणि तसे काही महिने मी काढलेही. पण वळणावरचा तो थेटपणा विसरता येईना. आणि खरं सांगायचं तर मागून पाहिलं की पुन्हा तसंच कासावीस व्हायचं. म्हणून या वेळी मी आधी कागद घेतला.

१८५/५५ आर १५. व्यास ५८४.५, मूळ टायरहून फक्त दोन मिलिमीटर कमी. म्हणजे किलोमीटर खरे राहणार. भार तोच, ८२. रिम सहा इंची, ऑफसेट ३८, म्हणजे बाहेरची कड फक्त दहा मिलिमीटर पुढे आणि आतली सोळा मिलिमीटर मागे. सस्पेन्शनपाशी तेवढी जागा आहे का, हे आधी पट्टी लावून मोजलं. रिम अशी शोधली की जिची कड ओतलेली नसून लाटून पातळ केलेली आहे; टायरसकट एक चाक १३.६ किलो. टायर विजेच्या गाड्यांसाठी केलेला, पट्टीवर काटकसरीत दुसरी प्रत आणि ओल्या रस्त्यावर पहिली. या वेळी पट्टी जपून ठेवली आहे, गाडीच्या कागदांमध्ये. पुष्कळ देशांत असा बदल कागदांवर दाखवावा लागतो आणि चाक अंगाबाहेर आलेलं चालत नाही. विमा उतरवणाऱ्यांनाही कळवावं लागतं. ते सगळं केलं.

काकांनी गाडी खाली घेतली आणि मागच्या कमानीत बोट घातलं. बोट आत गेलं, मग दुसरंही. ते काही बोलले नाहीत, पुढच्या चाकाकडे वळले आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायला सांगितलं.

आता आकडा १२४ आहे. पूर्ण बॅटरीत १४५ किलोमीटर. घरघर उरली आहे, पण बारीक, आणि गुळगुळीत डांबरावर ती जाते. वळणावर गाडी पूर्वीच्या रुंद चाकांइतकी थेट नाही, मूळ चाकांहून खूपच जास्त आहे. पाणी साचलेल्या त्याच रस्त्यावरून मी सावकाश, मुद्दाम गेले, आणि स्टिअरिंगने रस्ता सोडला नाही.

मोरीच्या रस्त्यावर जायला पुढची कोरडी पहाट उजाडावी लागली. त्याच खांबापाशी ३०, न्यूट्रल, आणि हात मांडीवर. खांब मागे पडत गेले. ज्या जागी रुंद चाकांवर गाडी थांबली होती ती जागा ओलांडून ती तशीच पुढे वाहत राहिली, इतकी सावकाश की शेवटी चाक फिरतंय की थांबलंय ते कळेना. थांबली तेव्हा कठडा अजून पुढे होता. मी दार उघडलं, खाली उतरले, आणि गाडीपासून मोरीपर्यंत पावलं मोजत गेले. पस्तीस. कठड्यावर हात टेकून वळून पाहिलं. गाडी तिथे उभी होती, पाय रोवून.